भांडण व्हावं म्हणून पळाले

माझी डावी किडनी माझ्या धाकट्या भावाच्या पोटात आहे. ती तिथं व्यवस्थित चालते. बिघडलं ते बाकीचं.

त्याआधी आम्ही दोघं भांडायचो. साधंसुधं नाही. मी सांगलीत हायस्कूलला गणित शिकवते, तो कवठे महांकाळजवळ द्राक्षबाग सांभाळतो. मध्ये तासाभराचा रस्ता आहे, आणि तो आहे म्हणूनच दोघं शाबूत राहिलात, असं आमची आई म्हणते. मी माहेरी गेले की उंबऱ्यावरच सुरुवात व्हायची. एसटी उशिरा का आली यावरून. मग आमटीत गूळ किती, आईचा मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा आधी काढायचा, मतदान कुणाला केलं, विहिरीवरची मोटर जळली ती कुणाच्या हयगयीनं. आमचे आवाज चढले की शेजारची चुलती भाजी निवडायचं ताट घेऊन ओट्यावर येऊन बसायची. किडनीच्या मंजुरीसाठी आम्हाला पुण्यात एका समितीपुढं जावं लागलं. देणाऱ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना, दोघांत खरंच नातं आहे ना, हे ती समिती बघते. त्या दिवशी गाडी कुठं लावायची यावरून आमचं इतकं वाजलं होतं की आम्ही समितीपुढं एकमेकांकडं न बघता बसलो. समितीतल्या एक बाई म्हणाल्या, सख्खी दिसतायत. मंजुरी मिळाली.

ऑपरेशन झालं, दोघंही धडधाकट घरी आलो, आणि भाऊ माझ्याशी सहमत व्हायला लागला.

सुरुवातीला मला वाटलं, अशक्तपणा असेल. पण तो बरा होत गेला तसतसा जास्तच सहमत होऊ लागला. मी काहीही बोलले की, "बरोबर हाय तुमचं, आक्का." लहानपणापासून मला अगं-तुगं करणारा माणूस, तो मला अहो-जाहो करायला लागला. मी बसले की पाठीमागं उशी. मी उठले की हाताला हात. माझ्या हातातली पाण्याची बादली काढून घ्यायला तो स्वतःच्या टाक्यांसकट धावायचा. नातेवाइकांनी त्याचंच बघून सुरू केलं. लग्नाकार्यात मला पंगतीत वाढू देईनात, खुर्चीवर बसवून ठेवायचे. मी एकोणपन्नास वर्षांची, रोज सहा तास उभी राहून शिकवणारी बाई. मला चीर गेलेल्या बरणीसारखं फळीवर मागं सरकवून ठेवलं होतं.

एकदा मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. म्हटलं, द्राक्षात काय राहिलं नाही आता, वेलदोडे लाव. कवठे महांकाळला वेलदोडे लावायचा सल्ला वेड्यानंही दिला नसता. पूर्वीचा भाऊ असता तर त्यानं माझ्या बी.एड.पासून सासरपर्यंत सगळं काढलं असतं. हा म्हणाला, "इचार करतो." महिन्याभरानं गेले तर विहिरीजवळ हिरव्या जाळीखाली वेलदोड्याची आठ रोपं होती आणि एक गडी त्यांच्यावर पाणी शिंपडत होता. त्या दिवशी परत येताना एसटीत मला रडू आलं. मला माझा भाऊ परत पाहिजे होता. हा जो होता तो फार चांगला माणूस होता, पण मला त्याचं काही करता येत नव्हतं.

दौडीचं कळलं ते या वेळी. भाऊ दीड वर्ष आठवड्यातून दोनदा सांगलीच्या ज्या केंद्रात डायलिसिसला यायचा, त्या केंद्राला नवीन मशीन घेण्यासाठी एका मंडळानं एकवीस किलोमीटरची दौड ठरवली होती. मी विचार केला, त्याच्या डोळ्यांसमोर एकवीस किलोमीटर पळाले, तर त्याला मान्यच करावं लागेल की माझ्यातलं काही कमी झालेलं नाही. मग कसले उपकार आणि कसली उशी. मग तो भांडेल. गणिताच्या बाईला शोभेल असंच हे उत्तर होतं, फक्त आधीचं समीकरण चुकीचं मांडलं होतं, ते पुढं येईल.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पळा की. पाणी पीत राहा, अंग दुखलं तर मनानं गोळ्या घेऊ नका. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पळ." तो पाटबंधारे खात्यात आहे, कुठल्याही अर्जावर कमीत कमी शब्दांत शेरा मारायची त्याला सवय आहे.

आमचा गट पहाटे साडेपाचला हरिपूर रोडला जमायचा. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. तिसऱ्या दिवशी तीन उरलो. एक मी. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या मनगटावर अंतर, वेग, नाडी आणि कालची झोप सांगणारं घड्याळ होतं. आणि एक हळदीचे व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे. शेठ जैन, नेमाचे पक्के. सूर्य उगवून दोन घटका झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. मला मात्र पाणी पीत राहायची सक्ती. तेव्हा माझी बाटली धरून पळायचं काम शेठनी आपणहून घेतलं. स्वतः कोरड्या घशानं पळायचे आणि दर दहा मिनिटांनी बाटली माझ्यापुढं करायचे. "घ्या बाई," म्हणायचे आणि मी पीत असताना शिष्टाचार म्हणून दुसरीकडं बघायचे.

आम्हाला शिकवायला होते ते लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. गाव दहिवडीकडचं, माण तालुक्यातलं. त्यांना पळायला शिकवायची एकच पद्धत माहीत होती, ती एकोणीस वर्षांच्या जवानांची. आमची वयं विचारून त्यांनी सगळ्याला दोनानं भागलं आणि सुरू केलं. आम्हाला नावानं हाक मारत नसत, नंबरानं मारत. आम्ही तिघंच होतो तरी माझा नंबर चार होता. तीन नंबर तिसऱ्या दिवशी सोडून गेला होता आणि गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, असं ते म्हणाले. पळणं म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या मला अजून पाठ आहे. "पळणं म्हंजी पडायचं. आन् पडायच्या आत दुसरा पाय म्होरं टाकायचा. मेंढरंबी आसंच पळत्यात."

अंतर ते विजेच्या खांबांवर मोजत. "आज ऐंशी खांब," म्हणायचे. दोन खांबांत पन्नास मीटर, वीस खांबांचा किलोमीटर. त्यांच्या गावाकडं माळावरून तार जाते तिथं तसं असेलही. हरिपूर रोडला घरं आली की खांब दाट होतात, काही ठिकाणी तर दोन खांब उभ्या उभ्या गप्पा मारतील इतके जवळ. डॉक्टरीणबाईंचं घड्याळ रोज कमी अंतर दाखवायचं. त्यांनी एकदा ते हवालदारांपुढं धरलं. हवालदारांनी ते लांबूनच बघितलं.

"म्याडम, ह्ये घड्याळ आभाळाला इचारून सांगतंय," ते म्हणाले. "खांब जमिनीत हाय."

आम्ही खांबांच्या बाजूनं राहिलो. दमलेलं माणूस जो मोठा आकडा सांगेल त्याच्या बाजूनं असतं. शेवटच्या आठवड्यात तीनशे साठ खांब झाले तेव्हा हवालदारांनी अठरा किलोमीटर जाहीर केले. घड्याळात तेरा होते. पंचवीस वर्षं पोरांना त्रैराशिक शिकवणारी मी, मी पण अठराच धरले.

दुसरी अडचण लोकांची. आमच्याकडं ओळखीचं माणूस रस्त्यानं पायी दिसलं की गाडी थांबवायची, "बसा, सोडतो," म्हणायचं, आणि समोरच्यानं बसायचं, अशी रीत आहे. पळणारं दिसलं तर जास्तच, कारण विनाकारण कोण पळेल. माझे जुने विद्यार्थी, दूधवाले, सहकारी शिक्षक, सगळे गाडी थांबवायचे. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. व्यायाम चाललाय म्हटलं की ते म्हणायचे, असू द्या, तेवढंच पुढं सोडतो. एकदा शेठना कवलापूरच्या एका शेतकऱ्यानं गाठलं. त्याची हळद वर्षानुवर्षं शेठकडंच यायची. तो मोटरसायकल लावून उभाच राहिला. शेठ आमच्याकडं बघून ओशाळले आणि मागं बसले. शेवटच्या खांबापाशी उतरले, चालत परत आले आणि पहिल्या खांबापासून पुन्हा पळायला लागले. हवालदारांनी त्यांना शाबासकी दिली नाही, पण मागं पडणाऱ्यावर वाजवायची ती शिट्टीही त्या दिवशी वाजवली नाही.

आणि तिसरी अडचण भाऊ. मी पळणार हे कळल्यावर तो भांडेल अशी मला आशा होती. "तुमी म्हणता तर चांगलंच आसंल," तो म्हणाला, आणि पहिल्याच रविवारी पहाटे पिकअप घेऊन हजर झाला. मी पळायची आणि माझ्यामागं वीस पावलांवर, सगळे दिवे लुकलुकवत, पहिल्या गिअरमध्ये ती पिकअप. आत शहाळी, ग्लुकोज, छत्री आणि एक घडीची खाट. मी पडले तर ठेवायला. संसर्गाच्या भीतीनं डॉक्टरांनी सांगितलेला मास्क लावून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो माझ्या पाठीकडं बघत बसायचा. मागून येणाऱ्यांना वाटायचं कुणाची तरी पदयात्रा आहे. एका माणसानं गाडीतून उतरून मला नमस्कार केला आणि कुठल्या पक्षाच्या, असं विचारलं.

हवालदारांनी पिकअपला बंदी घातली. भाऊ म्हणाला, "बरोबर हाय तुमचं," आणि वीस पावलांऐवजी दोनशे पावलांवरून यायला लागला. हवालदार त्याच्याकडं चालत गेले आणि म्हणाले, तुमची बहीण पाय उचलत नाही, घासत पळते, तिला सांगा. भाऊ म्हणाला, "आमची आक्का पळतीया त्ये बरोबरच पळतीया." हवालदार परत आले आणि मला म्हणाले, "नंबर चार, तुमचा भाऊ लय चांगला हाय. पर आसल्या मानसाचं पलटणीत काय खरं न्हाई."

मी म्हटलं, माझ्याकडंही नाही.

दौडीच्या दिवशी पौषातली थंडी होती. मैदानावरून निघायचं, माधवनगर, बुधगाव करत तासगाव रोडनं कवलापूरच्या पुढं जायचं आणि आल्या रस्त्यानं परत. साडेतीन तासांत पोहोचलं पाहिजे. सगळ्यांच्या शेवटी एक गाडी येते, ती वेळ संपलेल्यांना गोळा करते. भावानं बुधगावच्या पाणी-केंद्रावर मदतनीस म्हणून नाव दिलं होतं. हे मला माहीत होतं. बाकी त्यानं काय केलं होतं ते मला माहीत नव्हतं.

पहिल्या पाणी-केंद्रावर कॉलेजची पोरं होती. त्यांनी मला लांबूनच ओळखलं आणि खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, मला पळायचंय. एक मुलगी म्हणाली, "मावशी, दोन मिनिटं बसाच, आम्हाला सांगितलंय." मी दोन मिनिटं बसले. त्यातल्या एकानं माझ्या पाया पडून घेतलं. दुसऱ्या केंद्रावर खुर्ची आणि छत्री होती आणि एक जण कर्ण्यावरून सांगत होता की, भावाला किडनी देणाऱ्या ताई आता आपल्यासमोर येत आहेत. पळणारे लोक मागं वळून बघायला लागले. आपल्याकडं बघून कुणी हात जोडत असेल तर पळणं फार अवघड असतं. हात परत जोडावे लागतात, आणि हात जोडून पळून बघा.

कवलापूर ही भावाची सासुरवाडी. परत फिरायच्या जागी त्याच्या सासरच्या आणि शेजारच्या मिळून नऊ बायका ओळीनं उभ्या होत्या, हातात ताम्हनं, ताम्हनात पेटलेली निरांजनं. मी गणित शिकवते, देवाधर्माचं माझं यथातथाच. पण पेटलेल्या निरांजनासमोरून पळत निघून जायचं हे आमच्याकडं जन्माला आलेल्या बाईला जमत नाही. मी उभी राहिले. नऊ जणींनी ओवाळलं. वाऱ्यानं दिवा विझला तो एकीनं परत लावला आणि पहिल्यापासून ओवाळलं. मग थोरल्या बाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. शाळेतली पोरं रस्त्यात भेटतात म्हणून मी ओढणी घेऊन पळत होते, ती ओटीला कामी आली. भरलेली ओटी खाली ठेवायची नसते, आणि ती बांधून ठेवायला दुसरं काही नव्हतं. तेव्हा परतीच्या वाटेला मी लागले ती कमरेला नारळ बांधून. दर पावलाला तो डाव्या कुशीत बसायचा, बरोबर जिथं आता काही नाही तिथं.

शेठ आणि डॉक्टरीणबाई केव्हाच पुढं गेले होते. तेराव्या किलोमीटरनंतर माझे पाय संपले. अगदी तेराव्या. आभाळाला विचारून सांगणारं घड्याळ बरोबर होतं. मी चालायला लागले, मग थोडं पळाले, मग परत चालायला लागले. बुधगाव आलं तेव्हा ती शेवटची गाडी माझ्यामागं शंभर पावलांवर आली होती.

पाणी-केंद्रावर भाऊ उभा होता. जाताना तो गर्दीत दिसला नव्हता. त्याच्या शेजारी ती घडीची खाट उघडून तयार होती, वर चादर घातलेली.

"आक्का, बास झालं," तो म्हणाला. "लय केलंसा. बसा आता."

भांडताना माझी भाषा माहेरी जाते. "ह्ये समदं कुणी सांगितलं हुतं करायला?" मी म्हणाले. "खुर्च्या, कर्णे, त्या बायका?"

"चुकलं माझं. तुमी म्हणता त्ये बरोबर हाय."

"आता परत बरोबर म्हनलास तर ह्यो नारळ तुझ्या टाळक्यात घालीन."

पाणी देणारी पोरं ग्लास हातात धरून उभी राहिली.

"म्या तुला किडनी दिली," मी म्हणाले. "त्याच्या बदली तुझी जीभ मागितली न्हवती. दोन वर्सं झाली, एकदा तरी मला न्हाई म्हन. वेलदोडं लाव म्हनलं तर वेलदोडं लावलंस. मला काय झालंय काय? बघ माझ्याकडं. कायबी झालेलं न्हाई मला. पंधरा किलोमीटर आलीया."

त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला. त्याचा चेहरा मी दोन वर्षांत असा बघितला नव्हता.

"काय झालं न्हाई?" तो म्हणाला. "तुला काय ठावं? तुला आदी आत न्हेली. म्या भायेर पडून व्हतो, माझी पाळी यायची वाट बघत. दोन तास. आई बाकावर बसली व्हती, एका दारातनं लेक गेली आन् दुसऱ्यातनं ल्योक जायाचा. तवा म्या उठून पळून जानार व्हतो. हाताला नळ्या व्हत्या म्हनून ऱ्हायलो."

मी काही बोलणार, त्याआधीच तो पुढं बोलला.

"म्या न्हाई म्हनलं व्हतं. एकदा न्हवं, तीनदा. तू आईकलंस? रगात तपासून आलीस, कागद करून आलीस, आन् मग मला सांगितलंस. माझ्या जिवाचं काय करायचं त्ये बी तूच ठरवलंस. आन् आता दर आईतवारी माझ्यापुढं पळून दावतीस. तू पडलीस तर म्या काय करू? तुझी दुसरी माझ्या पोटात हाय. ती काय काढून परत देता येती व्हय?"

दोन वर्षं मला वाटत होतं तो उपकाराखाली दबलाय. तो दबला नव्हता, रागावला होता. माझ्यावर. आणि जिच्यामुळं आपण जगतोय तिच्यावर रागवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्या रागाच्या त्यानं उश्या केल्या, शहाळी केली, नऊ ताम्हनं केली. मी पळून त्याचं ओझं उतरवत होते असं मी समजत होते, आणि तो दर रविवारी पिकअपमध्ये बसून मी पडायची वाट बघत होता. मला फार वाईट वाटलं. त्याच वेळी इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही, म्हणून मी सांगितला नाही.

"मग बोलायचास की," मी म्हणाले.

"कसा बोलू? लोक काय म्हनतील? किडनी घ्यून वर भांडतोय."

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तू मरायला निघाला व्हतास, आन् म्या बघत बसायचं व्हतं व्हय?"

"बघत बस म्हनलं न्हवतं. माझं आईक म्हनलं व्हतं."

शेवटची गाडी येऊन थांबली होती. ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा कार्यकर्ता खाली उतरून ऐकत उभे होते. एवढ्यात हवालदार सायकलवरून आले. ते सगळ्यात मागच्या माणसाला न्यायला येतातच, ते मागचं माणूस मी होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भावाकडं, एकदा खाटेकडं.

"नंबर चार, गाडीत बसनार का पळनार?"

"भांडण संपलं न्हाई," मी म्हणाले.

"मग चालता चालता भांडा. हुबं ऱ्हायलं की पाय धरत्यात."

कार्यकर्त्यानं नम्रपणे माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला. वेळ संपली, आता तुम्ही दौडीत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. मी म्हटलं, रस्ता तर सरकारी आहे. भाऊ म्हणाला, ह्या बाबतीत ती बरोबर आहे, आणि मग स्वतःच दचकला. मी कमरेचा नारळ सोडून त्याच्या हातात दिला. त्यानं खाट घडी करून पोरांकडं दिली, पिकअपची किल्ली पण दिली आणि माझ्याबरोबर चालायला लागला.

सहा किलोमीटर राहिले होते. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलेलंच आहे, तरी मी म्हटलं, दमशील. "मला शिकवू नगंस," तो म्हणाला. बुधगाव संपेपर्यंत आमचं ऑपरेशनवरून चाललं. मग त्यात आई आली, आईला त्या दिवशी कुणी सांभाळायला हवं होतं ते आलं, त्याची बायको आली, माझा नवरा आला. वेलदोडे आले. ती रोपं लावताना माझी त्यानं कशी लाज काढली होती मनातल्या मनात, ते त्यानं मला शब्दशः सांगितलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं, त्यातलं एक वाक्यही तो विसरला नव्हता. हवालदार आमच्या मागून सायकल हातात धरून चालत होते. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. माधवनगरला एक माणूस मोटरसायकल थांबवून म्हणाला, बसा, सोडतो. आम्ही दोघं एकदमच त्याच्यावर ओरडलो.

मैदानाशी पोहोचलो तेव्हा कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. बक्षिसं वाटून झाली होती. शेठ आणि डॉक्टरीणबाई गळ्यात पदक घालून फाटकाशी थांबले होते. शेठच्या हातात माझी पाण्याची बाटली होती, भरलेली.

"दिली नसतीस तर म्या मेलो आसतो, ह्ये मला ठावं हाय," भाऊ म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तरी बी तू चुकलीसच, आक्का."

"चुकली आसंन," मी म्हणाले. "परत येळ आली तरी ह्येच करीन."

"आता कशानं करशील? एकच ऱ्हायलीय तुला."

मुद्दा बिनतोड होता. मी तसं कबूल केलं नाही, आणि तोही माझ्या कबुलीसाठी थांबला नाही. शिडीवरची माणसं आम्ही जाईपर्यंत हात आवरून उभी राहिली, आणि आम्ही कमानीखालून गेलो तेव्हा त्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं होतं.